वंशवृक्षावर शाईने भरलेलं वर्तुळ

मी लिहायला बसावं असा माझा काही अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि माझ्यानंतर जी मुलं गेली त्यांनी हे माझ्यापेक्षा बरं लिहिलं असतं. शिवाय आमची मराठी बेंगळुरूची. तिच्यात कन्नड कुठून शिरतं ते आम्हालाही कळत नाही. पुण्याच्या कोणा वाचकाला हसू आलं तर त्याने खुशाल हसावं, आम्ही तिकडे लग्नाकार्याला गेलो की लोक हसतातच. पण एक कागद मी माझ्या हाताने केला होता. त्याची गोष्ट दुसऱ्या कोणी सांगितली तर ते मला सांभाळून घेतील, म्हणून मीच सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, विषय जीवशास्त्र. मोठी आवड होती असं नाही, त्या विषयाच्या अर्जाची रांग लहान होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लेथवर काम करत. आई घरचं सगळं करून गल्लीतल्या नव्या बाळांना न्हाऊ घालायला जायची. मराठी, कन्नड, तमिळ, कोणाचंही बाळ असो, पायांवर आडवं घेऊन ती त्याला असं तेल चोळायची की रडणारं मूल मध्येच जांभई द्यायचं. त्या कामाचे ती काही घेत नसे. एखादा ब्लाऊजपीस मिळे, तो ती दुसऱ्या बाळंतिणीला देऊन टाकायची.

मी कॉलेजात जातो याचा अर्थ मला सगळं येतं असा घरात आणि गल्लीत घेतला गेला. गॅसचा फॉर्म माझ्याकडे यायचा. शेजाऱ्यांचे एक्स-रे माझ्याकडे यायचे, आणि मी ते खिडकीकडे धरून गंभीर चेहऱ्याने म्हणायचो, "डॉक्टरांना दाखवा." लोक समाधानाने परत जायचे. अशाने माणूस बिघडतो. मी बिघडलो.

अक्का, माझी थोरली बहीण, बेंगळुरूजवळच्या होसकोट्याला दिली होती. तिची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती, आणि जन्मल्यापासून तिला ताप होता. रोज नाही, पण आला की दोन-तीन दिवस राहायचा. अंगभर लाल गांधी उठायच्या, डोळे लाल व्हायचे, गुडघे धरून ती रडायची. डिसेंबरमधली गार सकाळ तिला सोसत नसे. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून पाहिलं, जंत म्हणून पाहिलं, दात येताहेत म्हणून पाहिलं. दात आले, सगळे आले, तरी दातांचा ताप काही जाईना. औषधांच्या बाटल्या इतक्या झाल्या की अक्काच्या सासूबाई त्यांत खोबरेल तेल भरून ठेवायच्या.

इथपर्यंत सगळ्यांनी सोसलं. पण अक्काच्या नणंदेचं लग्न जुळत आलं, आणि नवऱ्या मुलाकडच्यांनी चहा पिता पिता विचारलं, "या छोटीला काय होतं?" त्या एका प्रश्नाने होसकोटे हाललं. अक्काच्या सासऱ्यांनी अक्का आणि छोटीला 'उपचारासाठी' म्हणून आमच्याकडे आणून सोडलं. आठ महिने झाले तरी बोलावणं येईना. मग निरोप आला. हा रोग तुमच्या रक्तातून आला असं समाजाच्या बैठकीत लिहून द्या. ते लिहिलेलं आम्ही मुलाकडच्यांना दाखवू, आमच्या घराण्याला बट्टा नाही हे त्यांना कळेल, आणि दुसऱ्या दिवशी सुनेला मानाने घेऊन जाऊ.

दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, दर रविवारी केळी घेऊन यायचे आणि मुलीला मांडीवर घेऊन बसायचे. ते वाईट नव्हते. वडिलांसमोर त्यांना फक्त उभं राहता येत असे, बोलता येत नसे.

अण्णा म्हणाले, "लिहून देतो की. कागदच आहे ना?"

अक्का म्हणाली, "मुळीच नाही. आपल्याकडे कोणाला असं झालंय? खोटं का लिहायचं?"

आणि मी म्हणालो, "थांबा. खरं काय ते आपण शास्त्राने शोधून काढू."

मी आयुष्यात बरीच मूर्ख वाक्यं बोललो आहे, पण इतक्या नम्रपणे बोललेलं दुसरं आठवत नाही.

वर्गात आम्हाला नुकतेच वाटाणे शिकवले होते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, आणि कोणाचा गुण कोणाकडे गेला त्याचे तक्ते. मी एक मोठा ड्रॉइंग पेपर आणला. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत शाई भरायची. मग मी वही घेऊन दोन्हीकडच्या नातेवाइकांच्या घरी जायला लागलो.

आमचे लोक तीनशे वर्षांमागे इकडे आले असं सगळे सांगतात. त्या चौकशीत मला असं कळलं की झाडून सगळे घोड्यावर बसून आले. चालत आलेला एकही पूर्वज मला सापडला नाही. इतके घोडे धरले तर त्यांना चारा कोण घालत होतं हे मी विचारलं नाही, कारण मला चहा दिला जात होता. दुसरी गोष्ट कळली ती ही की या तीनशे वर्षांत दोन्ही घराण्यांत कोणालाही ताप आला नव्हता.

"ताप?" अक्काचे एक चुलतसासरे म्हणाले. "आमच्याकडे ताप नसतो. आमच्याकडे माणसं एकदम जातात."

"तुझे सासरे मात्र अंथरुणात दोन महिने होते हं," त्यांची म्हातारी आई आतून म्हणाली. तिचा कान चांगला नव्हता, ती सुनेशी बोलते आहे असं तिला वाटत होतं. "अंगावर गांधी उठायच्या त्यांच्या, अशा—"

"ते डास होते!" चुलतसासरे ओरडले. "अय्यो, लिहू नकोस ते. डास लिही."

मी डास लिहिले. दुसऱ्या एका घरात थोरल्या भावाने सांगितलं की धाकट्याचा चौकोन काढूच नकोस, जागेवरून आमचं बोलणं बंद आहे. तिसऱ्या घरात एका गृहस्थांनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "माझा चौकोन इतका लहान का?" मी तो मोठा करून दिला. असा माझा वंशवृक्ष तयार होत गेला. फांद्या पुष्कळ, आणि शाई फक्त छोटीच्या वर्तुळात.

तो घेऊन मी मुलांच्या सरकारी इस्पितळात गेलो. छोटीला तिथल्या एक डॉक्टरीणबाई बघत असत. बाहेर रांग होती, तरी त्यांनी कागद टेबलावर पसरून नीट पाहिला.

"तू काढलंस?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"हो मॅडम."

"सुरेख काढलंयस. पण यात तू एक गोष्ट धरून चाललायस. रोग कोणाकडून तरी आलाच पाहिजे, असं."

"यायलाच हवा ना, मॅडम?"

"नाही. कधी कधी आईत काही नसतं, बापातही नसतं. पोटात मूल वाढायला लागतं, एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि मध्येच एखाद्या पेशीत बदल होतो. तिच्यापासून पुढे ज्या होतील त्यांच्यात तो उतरतो. बाकीच्या चांगल्याच राहतात. एकाच अंगात दोन्ही तऱ्हेच्या पेशी, शेजारी शेजारी."

"छोटीला तसंच आहे?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. एखाद्या डॉक्टरने असं सरळ म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. "इतका ताप, पण जंतू कधीच सापडत नाहीत. बाहेरून काही येत नाही, तिचं अंगच आपल्याआपण पेटतं असं मला वाटतं. पण नेमका दोष कुठे आहे हे बघायची सोय आज कोणाकडे नाही. पुढे होईल. तोवर हा कागद घरात ठेव, आणि कोणाच्या वर्तुळात शाई भरू नकोस."

मी बाहेर येऊन वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'डॉक्टरांना माहीत नाही.' वाटाण्यांच्या धड्यात असलं काही नव्हतं. बाई भल्या आहेत, आपल्याला धीर देताहेत, असं मी ठरवलं.

जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. त्यांनी घास तसाच हातात ठेवला.

"म्हणजे ड्रॉइंग बरोबर आहे," ते म्हणाले.

"कसलं ड्रॉइंग?"

"अरे, आमच्याकडे होतं तसं. ड्रॉइंग बरोबर, लोखंड बरोबर. सकाळपासून पन्नास पीस चांगले निघतात. मग कटिंग टूलचं टोक स्वल्प तुटतं, दिसत पण नाही. तिथून पुढचे सगळे पीस खराब. एकाच पेटीत खाली चांगले, वर खराब. नवीन सुपरवायझर येतो आणि ड्रॉइंग काढणाऱ्यावर ओरडतो. त्याचा काय संबंध?"

"अण्णा," मी म्हणालो, "माणूस म्हणजे बोल्ट नव्हे."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे 'बरं', आणि जेवायला लागले. सातवी शिकलेल्या माणसाला त्या दिवशी जे समजलं ते मला समजायला आणखी दोन वर्षं आणि बरीच पुस्तकं लागली.

बैठक रविवारी ठरली. शनिवारी सकाळी आई मोरीत भांडी घासत होती. डिसेंबरचे दिवस, टाकीचं पाणी बर्फासारखं. मी बाजूला तक्ता घेऊन उभा होतो, कारण चुलीजवळ शाई सांडेल म्हणून तिने मला तिथून हाकललं होतं.

"काय ठरलं तुझ्या शास्त्रात?" तिने विचारलं.

"काहीच नाही. दोन्हीकडे कोणी आजारी नाही."

"मग उद्या काय होणार?"

"काही होणार नाही. पुरावा नाही म्हणून सांगायचं."

"आणि अक्का?"

आत छोटी कण्हत होती, अक्का तिचे गुडघे शेकत होती. आईने कढई उलटी करून राखेने घासली. मग मान वर न करता म्हणाली, "लिही. मला लहानपणी गार पाण्याने अंगभर गांधी उठायच्या. ताप यायचा. गुडघे सुजायचे."

"काय सांगतेस! आधी का नाही बोललीस?"

"तू मला विचारलंस कधी? सगळं होसकोटे विचारून आलास."

हे खरंच होतं. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला. किती वर्षांची होतीस, किती दिवस राहायचं, कधी थांबलं, असे मी पुस्तकातले प्रश्न विचारले. ती कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घालून भांडी विसळत होती आणि एकेकाचं उत्तर देत होती. लग्नाआधी थांबलं, म्हणाली. मी सगळं टिपून घेतलं. तिच्या हातांकडे मी बघत होतो, पण बघणं आणि दिसणं यात फरक असतो हे वाटाण्यांनी शिकवलं नव्हतं.

अक्का दारात येऊन उभी राहिली होती. "आई, तुला कधी गं गांधी उठल्या?"

"तू जन्मली होतीस का तेव्हा?"

"पण आजी कधी बोलली नाही."

"आजी काय सगळं बोलायची? जा, तिकडे मुलीकडे बघ."

अक्का बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली. मी आईचं वर्तुळ शाईने भरलं. पट्टी लावून, कडेला पांढरं राहू न देता.

समाजाच्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं जमली होती. मी तक्ता भिंतीवर लावला आणि घाबरत घाबरत पाऊण तास बोललो. उंच वाटाणा, बुटका वाटाणा. लोक अतिशय लक्ष देऊन ऐकत होते, म्हणजे आपापला चौकोन शोधत होते.

अध्यक्षांनी काठीने दाखवलं. "हे काळं कोण?"

"माझी आई."

मग अक्काचे सासरे उठले. त्यांचा चेहरा आठ महिन्यांत पहिल्यांदाच मोकळा झाला होता.

"याला म्हणतात शिक्षण!" ते म्हणाले. "स्वतःच्या आईलासुद्धा सोडलं नाही पोराने!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेख आधीच टाइप करून आणला होता, कन्नडमध्ये, कारण मराठीचं टाइपरायटर मिळालं नव्हतं. अण्णांनी सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझा तक्ता लेखाला टाचला, त्यावर समाजाचा शिक्का मारला, आणि मला एक नारळ दिला. पुढच्या वार्षिक समारंभात 'गुणवंत विद्यार्थी' म्हणूनही माझा सत्कार झाला. समाजाच्या कामी विज्ञान लावणारा पहिला मुलगा असं अध्यक्ष म्हणाले, आणि आजपर्यंत तरी दुसरा झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी दाजी अक्काला न्यायला आले, खरोखर मानाने, भाड्याच्या गाडीतून. अक्काने निघताना आईच्या पाया पडून डोकं उचललंच नाही. आई म्हणाली, "ऊठ, गाडीवाला ओरडतोय." नणंदेचं लग्न झालं. सगळं शास्त्रशुद्ध पार पडलं.

आईला मात्र बाळांना न्हाऊ घालायला बोलावणं बंद झालं. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. पहिल्या घरी बाळाला सर्दी होती, दुसऱ्या घरी आधीच वेगळी बाई मिळाली होती, तिसऱ्या घरचं बाळ आमच्या दारावरून दुसऱ्या गल्लीतल्या अज्जीकडे नेलं. जिच्या हाताखालून अर्धी गल्ली गेली होती तिचे हात एकदम रोगी ठरले. रोग हातांतून पसरत नाही हे मी दोन-तीन घरी समजावायला गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि एक एक्स-रे दाखवला.

"माझे गुडघेच धरतात आता," आई सांगायची. "बरं झालं, सुटले." तिची तेलाची वाटी फळीवर उपडी असायची.

तिसऱ्या वर्षाला आमच्या वर्गात सरांनी एक माशी फळ्यावर काढली. तिचा एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा. अंड्यातून वाढताना मध्येच बदल झाला की अर्धी माशी एक आणि अर्धी दुसरी असं होतं, ते म्हणाले. माणसातही होतं. कोणाला शंका? मी शेवटच्या बाकावर होतो. मला शंका नव्हती, मला डॉक्टरीणबाईंचं टेबल आणि अण्णांची पेटी दिसत होती, खाली चांगले पीस, वर खराब. आईला गांधी उठत होत्या, तरी छोटीचा रोग तिच्याकडून आलाच असं त्यावरून ठरत नव्हतं. मी हात वर करायला हवा होता, पण विचारायचं ते सरांना नव्हतं.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तेव्हा चुकीचं सांगितलंस?"

"तेव्हा ते शिकवलं नव्हतं. कोणाकडून आलं हे सांगताच येत नाही, काका. कदाचित कोणाकडूनच नाही."

"हे बघ, मरी," ते म्हणाले, म्हणजे कन्नडमधलं 'बाळा', "ठराव झाला. शिक्का बसला. तुझं शास्त्र दर वर्षी बदलणार, म्हणून आम्ही दर वर्षी बैठक बोलवायची का? हॉल लग्नांनाच पुरत नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "आणि तुझी बहीण सुखात आहे ना? कशाला उकरतोस?"

मी परत आलो. अक्का सुखात होती, निदान तिच्या घरात होती. आईला मी काही सांगितलं नाही. 'कदाचित' एवढा एकच शब्द हातात घेऊन तिच्यासमोर कसं जायचं, ते मला कळेना. असं न सांगता एक वर्ष गेलं आणि मग सवय झाली.

छोटी मोठी झाली. ताप घेऊनच शिकली, ताप घेऊनच नोकरीला लागली. बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात ती भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची, कारण तिथली गार हवा तिला सोसायची नाही, आणि तिथली मुलं तिला काश्मीरची समजायची. तिनेच कुठून तरी अशा तापांचा अभ्यास करणारे एक डॉक्टर शोधले. तोपर्यंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशी, सोय झाली होती. रोगाला नाव मिळालं होतं, माझ्या नावापेक्षा लांब, आणि औषधही निघालं होतं. डॉक्टरांनी तिचं, अक्काचं आणि दाजींचं रक्त तपासायला पाठवलं. पहिल्या वेळी काही दिसलं नाही. दुसऱ्यांदा खोल जाऊन पाहिलं तेव्हा दिसलं.

तिचा फोन आला तेव्हा मी आईकडेच होतो.

"मामा, सापडलं. माझ्या थोड्याच पेशींत आहे, सगळ्यांत नाही, म्हणून आधी दिसत नव्हतं. आईच्यात नाही, बाबांच्यात नाही. माझ्यापासूनच सुरू झालंय, आईच्या पोटात असताना. कळतंय ना तुला? आईच्यातच नाही, म्हणजे आजीकडून यायचा प्रश्नच नाही."

"कळतंय," मी म्हणालो.

"मग आजीला सांग. आत्ता सांग. मी धरते फोन."

आई मागच्या पायरीवर उन्हात बसली होती. अण्णा जाऊन तोवर चार वर्षं झाली होती, त्यांना सांगायचं राहून गेलं. मी तिच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, पेशी, बदल, थोड्यांत असणं, अक्कात नसणं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली, बाजारभाव ऐकल्यासारखी.

"म्हणजे तुला उठायच्या त्या गांधी वेगळ्याच असणार," मी म्हणालो. "त्यांचा याच्याशी संबंध नव्हता."

"कुठल्या गांधी?" आई म्हणाली. मग तिला आठवलं. "ते होय. मला कुठे उठायच्या रे? जन्मात एकदाच उठल्या होत्या. फणस जास्त खाल्ला होता."